वय ४३, स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स झालाय, जानेवारीत पुन्हा अंदमान. २५ हजारांच्या आसपास पहिला डाइव्ह कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नातला बजेटचा आकडा मी नंतर वाचला, आधी डोळ्यांत भरलं ते वय. चाळिशी लागली आहे का? लागली असेल तर ब्रँड, अल्गोरिदम (हिशेबाची पद्धत), ब्लूटूथ हे सगळं बाजूला ठेवा. दुकानात जा, चष्मा काढा, खोलीचा आणि वेळेचा हिशेब ठेवणारा हा कॉम्प्युटर मनगटावर बांधा आणि स्क्रीनवरचा सगळ्यात बारीक आकडा वाचता येतो का ते बघा. नाही आला तर तो परत ठेवा, कितीही सवलत असली तरी.

हे मी ठेच लागून शिकलो. अंदमानात हॅवलॉकला डिक्सन्स पिनॅकल या डाइव्ह साइटवर भाड्याचा कॉम्प्युटर बांधून उतरलो होतो. २८ मीटरवर खोली मोठ्या अक्षरांत छान दिसत होती, पण कोपऱ्यातला नो-डेको टाइम ६ आहे की ८, काही केल्या कळेना. हात लांब केला, जवळ आणला, डोळे बारीक केले. पाण्यात वस्तू मोठी दिसते हे खरं, पण धूसर आकडा मोठा होऊनही धूसरच राहतो. शेवटी बडीचं, म्हणजे जोडीच्या डायव्हरचं, मनगट ओढून त्याच्यावरचा आकडा बघितला. वर येताना, अंगात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून, वाटेत सक्तीने थांबायची वेळ न येता अजून किती मिनिटं त्या खोलीवर राहता येईल, एवढंच तर तो आकडा सांगतो. त्याच्यासाठीच पैसे मोजायचे आणि तोच दिसू नये!

आता त्या यंत्राकडून अपेक्षा काय ठेवायची ते बघू. किती खोलीवर किती वेळ राहता येतं याचं टेबल कोर्समध्ये शिकवलं असेल तर आठवेल: पाडी या डायव्हिंग संस्थेच्या टेबलावर १८ मीटरला ५६ मिनिटं, ३० मीटरला फक्त २०. टेबल असं धरून चालतं की तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागीच बसून होतात. प्रत्यक्षात आपण पाच मिनिटं खाली जातो आणि मग हळूहळू वर सरकत फिरतो. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी नवा हिशेब मांडतो, म्हणून वेळ जास्त मिळतो. पण हा हिशेब असतो फक्त दाबाचा आणि वेळेचा. तुमच्या रक्तात खरोखर किती नायट्रोजन आहे हे त्याला कळत नाही. आदल्या रात्रीची बिअर, अपुरी झोप, बोटीवर पाणी प्यायचं राहून गेलं, यातलं काहीच त्याच्या गणितात नसतं. म्हणून अल्गोरिदमच्या वादात फार शिरू नका. कुठला कंजूष, कुठला सढळ, एवढाच फरक. दोघा बडींचे आकडे जुळले नाहीत तर कमी मिनिटं दाखवणाऱ्याचं ऐकायचं.

भाड्याने का नको, स्वतःचाच का, याचंही कारण ऐका. एकदा सकाळच्या डाइव्हनंतर बोटीवरच्या पोऱ्याने सगळ्यांचे कॉम्प्युटर गोळा करून ठेवले. दुसऱ्या डाइव्हला मला भलताच आला, माझ्या लक्षात आलं नाही. वर आल्यावर लॉग बघितला तर त्या दिवसाचा पहिलाच डाइव्ह म्हणून नोंद! म्हणजे माझ्या अंगात सकाळचा नायट्रोजन होता आणि हातातलं यंत्र मला ताजातवाना समजून सढळ हाताने मिनिटं वाटत होतं. डाइव्ह उथळ होता, काही झालं नाही. पण पुण्यात परतल्यावर पहिली खरेदी तीच केली.

तुमच्या बजेटमध्ये क्रेसी लिओनार्दो आणि मारेसचा पक, हे दोन सरळ पर्याय. दोन्हींत आकडे ठळक, नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेची) सोय, आणि एकच बटण. एका बटणाने मेन्यू फिरवणं म्हणजे जुन्या डिजिटल घड्याळाचा गजर लावण्यासारखं. हवं ते एका दाबाने हुकलं की पुन्हा पूर्ण चक्कर. पाण्याखाली मात्र फारसं काही दाबावं लागत नाही, त्यामुळे चालतं. लिओनार्दोचा सीआर २४३० सेल नाण्याने झाकण फिरवून बदलता येतो. तो सेल प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्यामुळे दोन सोबत ठेवा, आणि झाकणाच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) केस किंवा वाळूचा कण राहू देऊ नका.

बजेट दुपटीने ताणता आलं तर शिअरवॉटर पेरेग्रिन. २.२ इंची रंगीत स्क्रीन, चाळिशीवाल्यांना अक्षरशः वरदान. चार्जिंग वायरलेस. त्यात हिशेब किती सावध ठेवायचा ते निवडता येतं. मधलं सेटिंग ४०/८५ आहे, तिथेच राहू द्या. घड्याळासारखे दिसणारे कॉम्प्युटर ऑफिसात मिरवायला छान, पण आकडे बारीक. सिलिंडरमधला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर आत्ता नको. त्या पैशांत अंदमानात चार डाइव्ह जास्त होतील आणि दाब दाखवणारं साधं गेज तर तुमच्याकडे असणारच आहे.

वर्षाकाठी मालवणला इन्स्ट्रक्टरचा हात धरून एक डुबकी, एवढाच बेत असता तर घेऊच नका म्हटलं असतं. तुम्ही दिवसाला दोन-तीन डाइव्ह करणार, त्यामुळे घ्या. आणि परतीचं पोर्ट ब्लेअरचं विमान धरताना अंगातला नायट्रोजन निघून जायला शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास मोकळे ठेवा. काही कॉम्प्युटर २४ तास दाखवतात, तर तेवढे.

एक स्वस्त उपाय राहिलाच. मास्कच्या काचेला आतून, खालच्या कडेला चिकटवायची वाचनाची छोटी भिंगं मिळतात. पाण्याने चिकटतात, गोंद लागत नाही. मी +२ ची लावली आहेत, फक्त डाव्या बाजूला, कारण कॉम्प्युटर डाव्या हाताला असतो. तुमचा नंबर चष्मेवाल्याकडून काढून घ्या आणि ती चिकटवल्यावर रात्रभर मास्कला हात लावू नका. पहिल्यांदा मी घाई केली होती, ते भिंग अजून कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ समुद्राच्या तळाशी असेल.