नणंदा-भावजयांची भाषा आणि मिशेल ट्रेंबले

प्रश्न : कॅनडातील नाटककार मिशेल ट्रेंबले यांचे पहिले गाजलेले नाटक भाषेमुळे वादात सापडले, असे वाचले. तो वाद कशाचा होता?

उत्तर : ट्रेंबले यांचा जन्म १९४२ साली मॉन्ट्रियल या फ्रेंचभाषक शहरातील एका कामगारवस्तीत झाला आणि तरुणपणी त्यांनी छापखान्यात अक्षरजुळणीच्या लायनोटाइप यंत्रावर काम केले. १९६५ मध्ये लिहिलेले त्यांचे ‘ले बेल-सर’, म्हणजे ‘नणंदा-भावजया’, हे नाटक ऑगस्ट १९६८ मध्ये आंद्रे ब्रासार यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. जेर्मेन या गृहिणीला दहा लाख बक्षीस-कुपने मिळतात; अशी कुपने वह्यांत चिकटवून त्यांच्या बदल्यात वस्तू घेता येत. ही कुपने चिकटवण्यासाठी जेर्मेन नात्यातल्या आणि शेजारच्या बायकांना बोलावते, आणि त्या बायका कुपने हळूहळू लांबवू लागतात. नाटकातील पंधराही पात्रे स्त्रियांची आहेत. वाद कथानकाचा नव्हता. रंगमंचावर शुद्ध, प्रमाण फ्रेंचच शोभते असे मानणाऱ्यांना या बायकांची ‘जुआल’ ही मॉन्ट्रियलच्या श्रमिकांची, इंग्रजी शब्द मिसळलेली बोली असभ्य वाटली. अनेक प्रेक्षकांना मात्र आपल्याच स्वयंपाकघरातला आवाज प्रथमच ऐकू आला. माझ्या मते नाटकाचे खरे बळ त्यातील स्वगतांत आणि ग्रीक शोकांतिकेची आठवण करून देणाऱ्या समूहस्वरांत आहे, कारण तिथे संसारात कोंडलेली प्रत्येक बाई स्वतःशी खरे बोलते. पुढे हे नाटक स्कॉटलंडच्या स्कॉट्स बोलीतही रंगले. त्यांचे १९८४ चे ‘आल्बेर्तीन’ हे नाटकही अवश्य वाचावे. त्यात तीस ते सत्तर या वयांतील एकच स्त्री पाच अभिनेत्रींच्या रूपाने स्वतःशीच वाद घालते.