आत्ताच्या क्रूझ शिपमध्ये जुन्या जहाजांसारखी देखणी कुठली?

आम्ही कोल्हापूरकर रंकाळ्यातल्या बोटी बघून मोठे झालेलो, तरी सांगतो, क्वीन मेरी २, नाद खुळा! २००४ ला पहिली सफर केली, ३४५ मीटर लांब, खाली काळी, वर पांढरी आणि मधोमध लाल धुराडं, जे न्यूयॉर्कच्या पुलाखालनं जायला पाहिजे म्हणून मुद्दाम बुटकं ठेवलंय. पुढचं टोक लांबलचक, कारण ते अटलांटिकच्या लाटा फोडायला बनवलंय, नुसतं शोभेला नाही. बाकीची बहुतेक आपली बाल्कन्या लावलेली अपार्टमेंटं. डिस्ने मॅजिक पण भारी दिसतं, दोन लाल धुराडी, पण त्यातलं पुढचं खोटं बरं का, धूर मागच्यातनंच निघतो, तरी जोडी नसती तर ते बोडकं दिसलं असतं.