काजवे बघायला जायचंय, सासूबाई पण सोबत आहेत

प्रश्न: नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे. यंदा जूनमध्ये मुलांना काजवे दाखवायला भंडारदऱ्याला न्यायचंय. मुलं 6 आणि 11 वर्षांची, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. मिस्टर म्हणतात तलावाकाठी टेंट घेऊ, मला गावातल्या घरी राहणं बरं वाटतं. काय करावं?

उत्तर: ताई, गावातलं घरच घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टेंटमध्ये खाली झोपून उठायचं म्हणजे हालच, त्यात वळवाचा पाऊस आला तर रात्रभर जागरण. बुक करताना फोनवर आधी विचारा की कमोड आहे का आणि पलंग मिळेल का, सांगायला लाजू नका.

तारखेचं म्हणाल तर मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे असतात, म्हणून जूनचा पहिला आठवडा धरा, त्यानंतरचा भरवसा नाही. आणि प्लीज शनिवारची रात्र टाळा, एक रजा टाका पण रविवार-सोमवार करा. शनिवारी घाटघर, मुरशेत, पांजरे, उडदावणे या सगळ्या बाजूला गाड्यांची रांग लागते, हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, गाणी, आणि मग काजवे दिसणार कसे? ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो, उजेड पडला की तो इशारा पोचत नाही, जोड्या जमत नाहीत, अंडी कमी, म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे पण कमी. पंख फुटल्यावर त्यांच्याकडे थोडेच आठवडे असतात हो, त्याआधीचा बहुतेक काळ अळी होऊन मातीत, गोगलगायी खात काढलेला असतो. म्हणून झाडाखाली बिनधास्त फिरू नका, पायवाट सोडू नका. मुलांना हे सगळं आधी सांगून ठेवा, मुलं ऐकतात, मोठ्यांचाच प्रॉब्लेम असतो. घरमालकांना विचारलंत तर घराजवळचंच एखादं हिरड्याचं नाहीतर सादड्याचं झाड दाखवतील, खुर्ची टाकून सासूबाईंना तिथे बसवा, डोळे अंधाराला सरावू द्या.

दिवसा रतनवाडीला जा. अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ गावातच आहे, गाडी जवळ जाते, कोरीवकाम बघण्यासारखं. सांदण दरी मात्र नको, पाऊस सुरू झाला की तिथे अचानक पाणी भरतं. कळसूबाई पण (1646 मीटर) थंडीत करा, मोठ्याला तेव्हा न्या.

जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा कारण तिथे दुकान हाताशी नसतं. पनीर वगैरे मागू नका. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि पाऊस झालेला असेल तर शेवळं किंवा कुरडूची भाजी, हे त्या घरातल्या बाईच्या हातचं खा. काळभात मिळाला तर विकत घ्या, अकोले तालुक्यातला जुना सुवासिक तांदूळ आहे. महादेव कोळी, ठाकर लोकांची ही गावं, भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नाही, त्यामुळे तुमचे पैसे थेट त्या घरात गेले तर फार बरं.

गाडीने कसारा घाट चढून घोटीला हायवे सोडा, मग बारीवरून शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव. हा भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर पावती फाडावी लागते आणि रात्री गाडी नेण्याबद्दल वनखात्याचा त्या वर्षीचा नियम काय आहे ते घरमालकांनाच विचारून घ्या. रोख पैसे मात्र आठवणीने न्या, रेंज गेली की यूपीआय चालत नाही.