घळीची खोली नको, माथा मोजा

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या गावच्या गायरानात (चिकोडी तालुका) एक घळ आहे. लहानपणी आम्ही ती उडी मारून ओलांडायचो, आता तिच्यात बैलगाडी मावेल. पंचायतीत म्हणतात, मेंढरांनी माळ खाल्ला, चराईच बंद करा. धनगर ऐकायला तयार नाहीत. घळ मोजून माळ बिघडलाय की नाही ते कळतं का?
— एक वाचक

उत्तर : कळतं, पण नुसती खोली मोजून नाही. खोल घळ जुनी आणि थांबलेली असू शकते. तिच्या कडा कललेल्या असतात, तळात मारवेल (जनावरांच्या आवडीचं गवत) धरलेला असतो, एखादी बाभळ उभी असते. ते आज्याच्या काळातलं दुखणं. चालू घळीची कड उभी आणि ताज्या मातीची असते. काठावरचं गवत खाली लोंबतं, मुळं उघडी पडलेली दिसतात आणि माथ्याखाली, म्हणजे घळ जिथून सुरू होते त्या वरच्या टोकाखाली, पाणी पडून पडून खड्डा झालेला असतो. पाणी खालून पोखरतं, वरचं ढेकूळ कोसळतं, असं करत घळ चढाकडे सरकते. म्हणून मोजायचा तो माथा.

पाडव्याच्या सुमारास, वळिवाच्या आधी, माथ्यापासून पंधरा-वीस फूट मागे तीन खुंट्या ठोका : डावीकडे, मध्ये, उजवीकडे. कडेजवळ ठोकाल तर कडेबरोबर त्याही जातील. लोखंडी सळी नको, ती आठवड्यात भंगारात जाते. प्रत्येक खुंटीपासून कडेपर्यंतचं अंतर वहीत लिहा आणि दसऱ्यानंतर पुन्हा मोजा. वळीव चुकवू नका. चैत्र-वैशाखात गवत बुडख्याला लागलेलं असतं, माती उघडी असते आणि तासाभराचा पाऊस आडवातिडवा झोडपून जातो.

आता हिशेब. समजा माथा 6 फूट सरकला. तिथं घळ 8 फूट रुंद, 5 फूट खोल, कडा उभ्या. म्हणजे 240 घनफूट माती गेली. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 2.4 ब्रास. ब्रासला साधारण 4 टन धरले तर साडेनऊ टन. घळ खाली निमुळती असेल तर याच्या निम्मं धरा. पंचायतीत ‘लई माती गेली’ म्हणून कुणी हलत नाही. ब्रास सांगा. मुरमाची बिलं त्याच मापात होतात, लगेच डोक्यात शिरतं.

पण हा आकडा मेंढरांच्या नावावर टाकायची घाई नको. भर पावसात छत्री घेऊन माथ्याच्या वर चालत जा आणि पाणी कुठून येतंय ते बघा. बऱ्याचदा वर रस्त्याची नवी मोरी निघते, नाहीतर कुणीतरी शेताचं पाणी माळावर सोडलेलं असतं. मग मेंढरं बिचारी निर्दोष. पाणी माळाचंच असेल, तर उताराला आडवी शंभर पावलं टाका आणि दर पावलाला अंगठ्यापुढं काय आहे ते लिहा : गवत, दगड की उघडी माती. निम्म्याहून जास्त वेळा उघडी माती आली, मारवेल शोधावा लागला आणि जनावर तोंड लावत नाही तो तरवड जिकडेतिकडे दिसला, तर चराईचा भार जास्त झालाय हे नक्की.

एका वर्षाच्या मापावर निकाल देऊ नका. पाऊस जोराचा झाला की चांगल्या माळाची घळही सरकते. म्हणून त्या साली पाऊस किती पडला तेही वहीत शेजारी लिहा. आणि खानापूरच्या पावसाळी माळाचं माप अथणीच्या कोरड्या माळाला लावायचं नाही, पाऊसमानच वेगळं.

सगळी चराई बंद करायला मी सांगणार नाही. बंदी घातली की मेंढरं रात्री येतात. माथ्याच्या वरचा, जिथून पाणी घळीत उतरतं तेवढाच पट्टा पहिल्या पावसापासून गवताचं बी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, राखा. बाकी माळ मोकळा ठेवा. कुठला पट्टा राखायचा ते धनगरांना बरोबर घेऊनच ठरवा, गवत त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

उद्योग खात्रीतून (रोजगार हमीच्या कामातून) घळीत दगडी बांध घालणार असाल, तर माथ्याकडून सुरुवात करा, आणि बांधाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली ठेवायला सांगा. वरून सपाट बांध दिसायला देखणा असतो, पण पाणी बगलेनं फुटतं आणि एका घळीच्या दोन होतात.