हॅलोविनची पेने आणि अकरावीनंतरचा रस्ता

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतील एडिसनहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपला मुलगा अकरावीत आहे, शाळेतील लाकूडकामाच्या वर्गात तो लेथवर (लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर) पेन करायला शिकला, पुढे गॅरेजमध्ये एक जुने छोटे लेथ बसवून त्याने हॅलोविनसाठी कवटीची, वटवाघळांची आणि अंधारात चमकणारी पेने करायला घेतली, आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये शेजारी व शिक्षकांना मिळून ४० पेने विकली. आता कॉलेजला न जाता हेच काम करायचे असे तो म्हणतो, त्याच्या बाबांना ते मुळीच मान्य नाही, आणि यावर पोट भरेल का, असे आपण विचारता.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि तीच सर्वांत आधी पाहायला हवी. आपले कुटुंब अजून एच-१बी (नोकरीचा) व एच-४ (त्याच्यावर अवलंबून असलेल्या पती-पत्नी व मुलांचा) व्हिसावर असेल, तर मुलाला अमेरिकेत काम करून कमाई करता येत नाही. एच-४ वर कामाची परवानगी मिळते ती काही अटींवर पती किंवा पत्नीला, मुलांना नव्हे. आणि वस्तू स्वतः बनवून विकणे हेही कामच ठरू शकते. तसे असल्यास झालेल्या विक्रीसह सर्व हकिगत इमिग्रेशनच्या वकिलांना सांगावी आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत पैसे घेऊन एकही पेन देऊ नये. शिवाय २१ व्या वर्षी मुलाचा एच-४ दर्जा संपतो आणि पुढे राहायला त्याला विद्यार्थी व्हिसासारखा स्वतःचा दर्जा लागतो, त्यामुळे त्या घरात कॉलेजचा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर पुढील सर्व मजकूर त्याच्यासाठी आहे.

त्याच्या बाबांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा गॅरेजमध्ये उभे राहून एक पेन पूर्ण होताना पाहावे. पाऊण इंच जाडीच्या लाकडी किंवा रेझिनच्या (ओतून घट्ट केलेल्या कृत्रिम राळेच्या) तुकड्याला बरोबर मध्यातून भोक पाडणे, त्यात पितळी नळी चिकटवणे, टोके काटकोनात सपाट करणे, मग लेथच्या मँड्रेल नावाच्या दांड्यावर चढवून तो बुशिंगच्या, म्हणजे मापाच्या कड्यांच्या, जाडीपर्यंत उतरवणे, आणि शेवटी सुपरग्लूचे पातळ थर देऊन बारीक होत जाणाऱ्या घासकागदांनी त्याला काचेसारखी झिलई आणणे, या प्रत्येक पायरीवर थोडी चूक झाली तरी तुकडा फुटतो किंवा क्लिप नीट बसत नाही. लेथवर लाकूड कातणाऱ्याला आपल्या भाषेत कातारी म्हणतात, आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी अशाच हातांतून उतरली आहेत. सतरा वर्षांच्या मुलाने हे धीराने आत्मसात केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता हिशेब. समजा, एक पेन टपालखर्चासह ४५ डॉलरला एट्सी या हस्तकलेच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारावर विकले. एट्सी व्यवहारापोटी ६.५ टक्के घेते, पैसे जमा करून देण्याचे ३ टक्के अधिक २५ सेंट आणि वस्तू मांडण्याचे २० सेंट वेगळे. हे सारे मिळून सुमारे ४ डॉलर ७३ सेंट होतात. किट (क्लिप, टोक, नळी अशा तयार भागांचा संच) व तुकडा यांचे १६, गोंद व घासकागदाचे २, डबीचे २ आणि टपालाचे ५ डॉलर धरले, तर हाती १५ डॉलर २७ सेंट उरतात. छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि बांधणी धरून एका पेनाला दीड तास लागत असेल, तर तासाला जेमतेम १० डॉलर पडतात, आणि न्यू जर्सीत २०२५ मधील किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट होते. फुटलेले तुकडे आणि न विकलेला माल यात अजून धरलेलाच नाही. मी मांडलेले खर्च अंदाजाचे आहेत, म्हणून त्याने स्वतःचे आकडे घालून हाच हिशेब आपल्या दोघांसमोर करावा. शेजारी आणि शिक्षक यांनी घेतलेल्या ४० पेनांवरून बाजाराचा अंदाज बांधणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यांतील अनेकांनी पेन मुलाच्या प्रेमापोटी घेतले असणार.

हॅलोविनला मागणी नाही, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साठी या सणावरील खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर इतका दिला होता, आणि मॅसॅच्युसेट्समधील सेलम हे १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांमुळे प्रसिद्ध झालेले गाव ऑक्टोबरभर पर्यटकांनी भरून जाते. अडचण वेगळीच आहे. कवटीची क्लिप असलेले तयार किट फिलाडेल्फियाच्या पेन स्टेट इंडस्ट्रीजसारख्या विक्रेत्याकडून कोणीही मागवू शकतो, तेव्हा त्या कवटीसाठी ग्राहक आपल्याच मुलाकडे का येईल? त्याचे स्वतःचे असे जे काही आहे, ते क्लिपच्या खालच्या भागात आहे. बुरशी शिरलेल्या मेपलच्या लाकडात काळ्या रेषांचे जाळे उमटते. त्या रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसाव्यात अशा रीतीने तुकडा निवडून कापणे, किंवा नारिंगी व काळ्या रेझिनमध्ये स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची चमकणारी पूड नेमक्या जागी बसवणे, हे सहजासहजी कोणाला साधत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे किट सोडून देऊन टोपण, दांडा आणि त्यांचे आटे स्वतः कातणे आणि त्यात योवो किंवा बॉक या जर्मन कंपन्यांची निब बसवणे. अशा फाउंटन पेनाला शौकीन मंडळी शंभर डॉलरच्या पुढे किंमत देतात, आणि ती मंडळी पेन शोमध्ये, म्हणजे पेनांच्या प्रदर्शन-विक्रीत, भेटतात. वॉशिंग्टनचा मोठा पेन शो ऑगस्टमध्ये भरतो, म्हणजे हॅलोविनच्या आधी नेमक्या वेळेला. यंदा त्याने तेथे काहीही विकायला न नेता केवळ पाहायला आणि कारागिरांशी बोलायला जावे.

चित्रपटांतील किंवा कार्टूनमधील पात्रे पेनावर आणू नयेत, कारण त्यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. लहान मुलांसाठी म्हणून पेने विकणेही टाळावे: १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मुख्यतः बनवलेल्या वस्तूंना २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने शिशाची कडक मर्यादा घातली आहे आणि पितळात शिसे असू शकते. तो १८ वर्षांचा होईपर्यंत एट्सीचे खाते आपल्या देखरेखीखाली असावे. वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा अधिक झाला, तर स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर लागू होतो, हेही ध्यानात असावे. सर्वांत जास्त काळजी मला त्याच्या फुफ्फुसांची वाटते. बुरशीच्या लाकडाची धूळ आणि सुपरग्लूची वाफ ही दोन्ही त्रासदायक आहेत, म्हणून योग्य मास्क, चेहऱ्यावर ढाल आणि हवा खेळती ठेवणारा पंखा यांवाचून लेथ चालू होऊ नये. आणि सुपरग्लू सुती कापडावर सांडल्यास ते कापड भाजण्याइतके तापते, हे त्याला आजच सांगा.

कॉलेज की पेने, अशी निवड त्याच्यापुढे ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हातात जे आहे, त्याला शिक्षणात नाव आहे आणि जागाही आहे. आपल्या घरापासून जवळच नेवार्कला न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये इंडस्ट्रियल डिझाइनची, म्हणजे वापराच्या वस्तूंच्या रचनेची, पदवी मिळते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कूल फॉर अमेरिकन क्राफ्ट्स आहे, जिथे हस्तकलेलाच अभ्यासाचा विषय मानतात. राज्याच्या संस्थेत रहिवाशांना शुल्क कमी पडते, त्यामुळे पहिली भेट नेवार्कची ठेवा. यांत्रिक बाजू त्याला अधिक आवडते असे दिसले, तर मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग किंवा काउंटी कॉलेजातील सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचे प्रशिक्षण यांचाही विचार करावा. हाताने लेथ चालवलेल्या मुलाला तेथे धातूचे काम लवकर कळते. दरम्यान अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सच्या स्थानिक शाखेत त्याला घेऊन जा, म्हणजे जाणत्या हातांची संगत मिळेल.

डिझाइनच्या प्रवेशासाठी बहुधा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामाचा संग्रह, लागतो आणि त्याचे निम्मे साहित्य गॅरेजमध्ये पडलेले आहे. फुटलेले तुकडे त्याने फेकून देऊ नयेत. एका पेनाचे पहिले रेखाटन, फसलेले दोन प्रयत्न, मोजमापे आणि अखेरचे पेन एकत्र मांडले, तर परीक्षकांना तो विचार कसा करतो ते दिसेल. केवळ सुंदर छायाचित्रांतून ते दिसत नाही.

वेळेचा पेच मात्र खरा आहे. बारावीतील मुलांसाठी अनेक कॉलेजांच्या लवकरच्या अर्जांची मुदत १ नोव्हेंबर असते आणि हॅलोविन ३१ ऑक्टोबरला. म्हणजे पेनांची सर्वांत मोठी गडबड आणि निबंधांची शेवटची रात्र एकाच आठवड्यात येणार. यासाठी पेने जून आणि जुलैमध्येच करून डब्यांत भरून ठेवावीत, ऑगस्टमध्ये ती विक्रीला मांडावीत, सप्टेंबरपासून लेथ झाकून ठेवावे आणि माल संपला की नवी मागणी घेऊ नये. बाबांनी या दोन महिन्यांत त्याला अडवू नये आणि त्याने सप्टेंबरनंतर अर्जांना टाळू नये, असा करार आपण तिघांनी मिळून लिहून काढावा. लेथशेजारी एक वही ठेवून प्रत्येक पेनाला लागलेला वेळ, खर्च, ग्राहक ओळखीचा की अनोळखी आणि मिळालेली रक्कम त्यात लिहायला सांगा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या वहीच्या पानांची छायाचित्रे मला पाठवा, म्हणजे बारावीनंतर पेनांना किती वेळ द्यायचा ते आपण त्यावरून ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक