नोकरी गेली, चारी बाजूंनी देणी: सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली आहे, दोन क्रेडिट कार्डं, पतसंस्थेचं कर्ज आणि एका सावकाराचे पैसे अंगावर आहेत, घरी अजून सांगितलेलं नाही, आणि जगण्यात अर्थ वाटत नाही. शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथूनच सुरू करते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आत्ता लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री घरातल्या एका माणसाला तरी खरं सांगा. पुढचं सगळं एकट्याने निभावत नाही.

कर्जात अडकलेल्यांचे हिशेब लावून देणं हे माझं काम आहे. जवळपास प्रत्येक घरात एकच चूक दिसते: जो जास्त ओरडतो, त्याचे पैसे आधी जातात. मग याची टोपी त्याला घालणं सुरू होतं. म्हणून सर्वांत आधी नवीन उसनवारी बंद, कार्ड ब्लॉक, आणि एक वही घ्या. प्रत्येक देण्यापुढे पाच गोष्टी लिहा: मुद्दल, महिन्याचं व्याज, हप्त्याची तारीख, जामीनदार कोण, आणि कोरा चेक किंवा कागद दिलाय का. आकडा मोठा निघेल, तरी पूर्ण लिहा.

कार्डाचा 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, भरून आपण तग धरलाय असं वाटतं, ते खरं नाही. १ लाख थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी ३,५०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. म्हणजे ५,००० भरले तर मुद्दलातून जेमतेम ८७० कमी होतात. शिवाय थकबाकी असताना नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून कार्ड एकदाच मिटवणं स्वस्त पडतं, पण कार्ड खरंच बंद केलं तरच. नाहीतर दोन्ही कर्जं अंगावर राहतात आणि दागिने लिलावात जातात.

आता पैसे कुणाला आधी द्यायचे? किराणा, भाडं, वीज, शाळेची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता. यानंतर घरकर्ज असल्यास ते, आणि पतसंस्था. पतसंस्था वर घ्यायचं कारण असं, की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की जामीनदारही तुमच्याइतकाच अडकतो. त्याला आधीच जाऊन भेटा. पतसंस्थेत लेखी अर्ज देऊन हप्ता लहान करून मागा. कार्डं सगळ्यात शेवटी, कारण त्यांना तारण नाही. फोन मात्र त्यांचेच सर्वांत जास्त येतील.

त्या फोनना घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकीत कर्जासाठी वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही, नातेवाइकांसमोर बदनामी करू शकत नाही. फोनची तारीख, वेळ, नाव वहीत टिपा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही. चेक वटला नाही तर मात्र चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागू होऊ शकतं. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर तिथेच मिटतं. नोटीस न स्वीकारणं हा सर्वांत महाग पडणारा हट्ट आहे.

सावकाराकडे परवाना आहे का, ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारा. 'शेकडा पाच' म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला ६० टक्के. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही ठरवून दिलेल्या दरापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्यासाठीही याच कायद्यात तरतूद आहे. त्याला रोख देऊ नका. बँकेतून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

नोकरी आधीच्या पगाराचीच हवी, असं धरून बसू नका. मिळेल ते काम धरा आणि शोध चालू ठेवा. महिन्याचा पैसा सुरू झाला की बँक हप्ते बांधून द्यायला तयार होते, रिकाम्या हाताने गेल्यास नाही.

कार्डाची बँक बहुधा 'सेटलमेंट', म्हणजे थोडी कमी रक्कम घेऊन खातं मिटवणं, सुचवेल. एकरकमी पैसे हाती असतील तरच त्यात पडा. आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि मुदत घ्या, मगच भरा, तेही कार्डाच्या खात्यातच, एजंटच्या खात्यात कधीच नाही. नंतर ना-देय दाखला मागून घ्या. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळणं अवघड होतं. घरची चूल पेटती राहणार असेल तर मी तो शेरा स्वीकारायला सांगते. हा रिपोर्ट बनवणारी प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देते. मिटलेलं खातं त्यात अजून थकीत दिसत असेल, तर दाखला जोडून दुरुस्ती मागा.