कझिन म्हणजे नेमका कोण?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

पंचवटीतल्या लग्नात तू मैत्रिणीला ओंकारची ओळख ‘माझा कझिन’ अशी करून दिलीस आणि आजीने सगळ्यांदेखत ‘कझिन म्हणजे नेमका कोण?’ असे विचारले, म्हणून रागावून तू लिहिले आहेस की, इंग्रजीत एका शब्दात भागते, तर मराठीत चार नाती कशाला पाठ करायची? ओंकार माझ्या आतेबहिणीचा मुलगा. माझी आतेबहीण ती तुझी आत्या, म्हणून तो तुझा आतेभाऊ. इंग्रजीत काटेकोर बोलायचे तर तो ‘सेकंड कझिन’ आणि त्याची आई ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’ ठरते. तेव्हा पाठांतर तिकडेही सुटत नाही.

गंमत अशी की, हा शब्द ज्या लॅटिन ‘कॉन्सोब्रिनस’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याचा मूळ अर्थ आईच्या बहिणीचे मूल, म्हणजे चक्क मावसभावंड असा होता. पुढे तो इतका सैल झाला की, शेक्सपिअरच्या काळात पुतण्या-भाच्यांनाही कझिन म्हणत आणि राजे एकमेकांना, तसेच आपल्या सरदारांनाही, त्याच शब्दाने संबोधत. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस हे दोघेही इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचे ‘कझिन’ होते, असे तुला वाचायला मिळेल. आजीला विचारलेस तर ती वंशावळ पाहून लगेच सांगेल की, विल्हेल्मची आई जॉर्जच्या वडिलांची बहीण, म्हणून तो आतेभाऊ. निकोलसची आई जॉर्जच्या आईची बहीण, म्हणून तो मावसभाऊ. आतेभाऊ शत्रुपक्षात होता आणि मावसभाऊ मित्रपक्षात.

आपल्याकडे हा भेद केवळ हौसेचा नाही. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, मात्र चुलत आणि मावस भावंडे सख्ख्यांसारखीच मानली जातात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशा जवळच्या नात्यांतला विवाह निषिद्ध ठरवताना, रूढी असेल तेथे तो मान्य ठेवला आहे. जिथे सोयरीक जुळवताना मामे की मावस यावर सारे अडत असे, तिथे ‘कझिन’ म्हणून कसे भागले असते? शिवाय मामेभाऊ म्हटले की आजोळ आले, चुलतभाऊ म्हटले की एकच आडनाव आणि बहुधा एकाच सातबाऱ्यावरची नावे आली. (यावरून होणारी भांडणेही आलीच, पण ते पुन्हा कधीतरी.)

इथे लीड्समध्ये सहकारी ‘कझिन येणार आहे’ म्हणतो, तेव्हा भाऊ येतो की बहीण हेसुद्धा दार उघडल्यावरच कळते. ओंकारला हाक मारताना मात्र तू नुसते ‘दादा’ म्हण. आतेदादा असे कोणी म्हणत नाही. येत्या भाऊबीजेला त्यालाही ओवाळायला बोलाव, आजी नाही म्हणणार नाही.

तुझा,
बाबा